येते हं, आजी

बसा नानासो, असे दारातच काय उभे राहिलात? ज्ञानदा भाजी आणायला गेलीय, येईल इतक्यात. जिन्यात भेटली असेल तुम्हाला. नाही? मग लिफ्टनं उतरली असेल. तासगावहून येताना तुमच्या हातात बेदाण्याची पिशवी नाही, हे मात्र पहिल्यांदाच बघतोय मी. असू दे. चहा घेतल्याशिवाय मी तुम्हाला सोडणार नाही. कोपऱ्यातल्या त्या दिव्याला तेवढा पाय लावू नका. शेजारच्या अक्षतानं लावलाय तो, आणि विझू देऊ नका म्हणून बजावून गेलीय. पिठलं-भातही तिनंच आणून ठेवलाय. या पोरीला अलीकडे आमचा फारच पुळका आलाय.

तुम्ही काही विचारलं नाहीत, पण मीच सांगतो. आमची नदीकाठची चाल पूर्ण झाली. वाईपासून हरिपूरच्या संगमापर्यंत, कृष्णेच्या काठाकाठानं. लोकांना मी 'छान झाली' एवढंच सांगतो. तुम्हाला खरं सांगतो. फक्त मध्येच ज्ञानदा आली तर विषय बदलायचा.

हे खूळ आमच्या स्वानंदीचं. ती नेदरलँड्सला असते ना, तिथं नदीकाठानं एक लांबच लांब पायवाट आहे म्हणे. लोक ती टप्प्याटप्प्यानं चालतात. एका रविवारी पंधरा किलोमीटर चालायचं, आगगाडीनं घरी यायचं, पुढच्या खेपेला जिथं थांबलो तिथूनच सुरू करायचं. वाट चुकू नये म्हणून झाडांवर, कुंपणाच्या खांबांवर लाल-पांढरा पट्टा असतो. फोनवर मला म्हणाली, "बाबा, तुम्ही जन्मभर नकाशे काढलेत. दाराशी एवढी नदी आहे, कधी चाललात तिच्या काठानं?"

लागलं हो मला ते. ज्ञानदाला बँकेची सुट्टी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी. ठरवून टाकलं. सकाळच्या एसटीनं जायचं, दिवसभर चालायचं, संध्याकाळच्या एसटीनं परत. ज्ञानदानं दोन डब्या बरोबर घेतल्या, एकीत कालवलेला गेरू, एकीत चुना. टप्पा संपला की एखाद्या दगडावर बोटानं एक लाल रेघ ओढायची, खाली एक पांढरी. पुढच्या वेळी त्या रेघेला हात लावून निघायचं. मधलं एक पाऊलही सोडायचं नाही, हा माझा हट्ट.

पहिले तीन टप्पे मजेत झाले. वाई, भुईंज, लिंब, माहुली. उसाच्या गाड्या, गुऱ्हाळाचा वास, आणि ज्ञानदाच्या गप्पा. ही बाई दगडाशीसुद्धा बोलेल. चहाच्या टपरीवर, देवळात, शेतातल्या बायकांत, जिथून म्हणून उठेल तिथं 'येते हं' म्हणणार. एसटीतून उतरताना कंडक्टरलाही म्हणायची. मी चेष्टा करायचो, "अगं, त्याच्याकडं पुन्हा कशाला जायचंय तुला?" तर म्हणे, "मग काय जाते म्हणू? अभद्र वाटतं ते." खरंच आहे म्हणा. तुम्ही-आम्ही तरी कधी म्हणतो का 'जातो'? जन्मात नाही.

तो शब्द लक्षात ठेवा.

चौथा टप्पा माहुलीच्या पुढचा, रहिमतपूरच्या बाजूचा. डिसेंबर होता. तुम्ही बागाईतदार, तुम्हाला ठाऊक आहे, नदीकाठ कधी गप्प नसतो. पाणी उपसायच्या मोटारींची घरघर सतत कानाशी असते, इतकी की ती ऐकू येईनाशी होते. दुपारी तीनच्या सुमारास ती एकदम थांबली. "लाइट गेली," मी म्हटलं. पण नुसत्या मोटारी थांबल्या असं वाटेना. उसाचं पान वाजेना. पाण्याचाही आवाज नव्हता.

वळणावर एक करंज होता आणि करंजाखाली बुटकं घर. मातीच्या भिंती, वर पत्रा, पुढं छपराच्या टेकूला दोन लाकडी मेढी. उंबऱ्यावर एक म्हातारी बसली होती. आपल्या भागात वाटसरू दिसला की 'या, बसा' ऐकू येतंच. ती काही बोलली नाही. माझ्याकडं तिनं बघितलंही नाही, ज्ञानदाकडं बघत राहिली.

"आजी, पाणी मिळेल का?" ज्ञानदानं विचारलं.

"आत हाय. घे जा."

बूट काढून ज्ञानदा आत गेली. मी दाराबाहेर उभा. आत अंधार होता आणि भुईवर, भर दुपारी, एक दिवा जळत होता. शेजारी उपडी टोपली. तेलाचा आणि कच्च्या पिठाचा वास येत होता. मला वाटलं, नवसबिवस असेल. नकाशावरची बारीकातली बारीक रेघ वाचणारा मी, पण मला तो दिवा वाचता आला नाही, नानासो. लहान पोरालाही कळलं असतं. माणूस गेलं की दहा दिवस दिवा ठेवतात, पीठ पसरून टोपलीखाली झाकतात, त्यात गेलेल्याचं पाऊल उमटतं म्हणतात. आणि त्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. मुकाट्यानं उठायचं आणि चालू लागायचं. किती घरांतून आपण असे उठून आलोय.

तिथूनच रस्त्याकडं पाणंद जात होती, म्हणून टप्पा तिथंच संपवला. ज्ञानदा तोंड पुसत बाहेर आली. "आजी, मेढीवर जरा खूण करू का?" म्हातारीनं मान हलवली. ज्ञानदानं लाल रेघ ओढली, खाली पांढरी ओढली आणि बूट घालता घालता म्हणाली, "पंधरा दिवसांनी इथूनच पुढं जायचंय आम्हाला. येते हं, आजी."

म्हातारीनं मान वर केली.

"काय म्हणलीस?"

"येते म्हटलं."

तिनं मेढीवरच्या ओल्या रेघांकडं बघितलं. मग म्हणाली, "बरं… ये मग."

एसटीच्या थांब्यावर दोन म्हशी घेऊन एक म्हातारा उभा होता, कोंडीबा नावाचा. कुठनं आलासा, कुठं निघालासा, झालं. करंजाखालच्या घरात पाणी प्यायलो म्हटल्यावर त्याच्या हातातली काठी थांबली.

"बनुबाईच्या? आवं, तिची सून गेली न्हवं का. पल्लवी. नदीवर धुणं धुयाला गेली ती गेलीच. आज सातवा दिस हाय." मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "निगताना येतो म्हणला न्हाईसा न्हवं?"

ज्ञानदानं माझ्याकडं बघितलं आणि ती हसली. कसनुसं हसली. कोंडीबा हसला नाही. त्यानं म्हशी वळवल्या आणि गेला. एवढा बोलका माणूस, पण जाताना आम्हालाही 'येतो' म्हणाला नाही.

पंधरा दिवसांनी आम्ही त्याच थांब्यावर उतरलो, त्याच पाणंदीनं गेलो. करंज होता, पण घर नव्हतं.

पडलेलं, पाडलेलं काही नाही. भिंतीचं ढेकूळ नाही, पत्र्याचा तुकडा नाही. नुसतं गवत, तेही जुनं. फोनवरच्या नकाशात मी बरोब्बर त्याच ठिकाणी उभा होतो. अर्धा तास मी त्या झाडाभोवती फिरलो. थांबा चुकला का? वार चुकला का? मागच्या खेपेच्या फोटोत मेढीवर रेघा दिसत होत्या आणि इथं मेढच नव्हती! "अगं, तू बोल ना काहीतरी," मी ओरडलो.

"चला," ती शांतपणे म्हणाली. "पुढं असेल."

घर कधी पुढं असतं का, नानासो?

असतं. उंब्रजच्या जरा वर, चार वाजता, मोटारी थांबल्या. वळण आलं, करंज आला, करंजाखाली तेच घर. मेढीवर लाल रेघ, खाली पांढरी. पांढरीत ज्ञानदाच्या बोटाचे वळसेसुद्धा दिसत होते. उंबऱ्यावर म्हातारी.

"आलीस, पल्लवे?"

मी वाट बघत होतो, ज्ञानदा म्हणेल, आजी, मी पल्लवी नाही. ती म्हणाली, "आले." बूट काढले आणि आत गेली.

मी हाका मारल्या. आत मात्र गेलो नाही. आतून दोन बायकांचं बोलणं ऐकू येत होतं, हळू आवाजातलं, स्वयंपाकघरात चालतं तसं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या उजव्या पायाचा तळवा पिठानं पांढरा झाला होता. "पीठ सांडलं होतं," म्हणाली. तिच्या मागून म्हातारीचा आवाज आला, "उमटलं बाई एकदाचं." आणि बूट घालताना ज्ञानदा पुन्हा म्हणाली, "येते हं."

मी घाबरलो. सरळ सांगतो, छत्तीस वर्षांच्या संसारात मी इतका कधी घाबरलो नव्हतो. एसटीत तिनं माझा हात धरला होता आणि तो सोडवून घ्यावा असं मला वाटत होतं. बायकोची भीती वाटावी, याची लाजही वाटत होती.

त्यानंतर तिचं बोलणं फिरलं. वाईच्या पाठक गुरुजींची मुलगी ती, आणि सकाळी उठून म्हणायची, "लय ऊन हाय आज." बँकेतल्या पोरी हसायच्या, तिला वाटायचं त्या उगाच हसतायत. पुढचे टप्पे झाले, कऱ्हाड, बहे, वाळवा, भिलवडी. मोटारी एकदाही थांबल्या नाहीत. मी मनातल्या मनात देवाला हात जोडत होतो आणि ही परतताना खिडकीबाहेर बघत म्हणायची, "आज बी घर लागलं न्हाई."

"सोडून देऊ ही चाल," मी म्हटलं.

"न्हाई. येते म्हणलीया मी."

एकटी गेली असती ती. म्हणून मी जात राहिलो.

शेवटी मी वाईला माझ्या गोदावरीमावशीला फोन लावला, असल्या रीती तिलाच ठाऊक. सगळं तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मुकुल, सुतकाच्या घरात शब्द देऊन आलात रे. आता ज्या तोंडानं येते म्हटलं, त्याच तोंडानं, त्याच उंबऱ्यावर तिनं जाते म्हणायचं. एकदाच. मागं बघायचं नाही. तू मध्ये पडायचं नाहीस. शब्द तिचा आहे."

मी ज्ञानदाला सांगितलं. मला वाटलं भांडेल. पण तिचे डोळे भरले आणि कितीतरी दिवसांनी तिचा स्वतःचा आवाज ऐकू आला.

"अहो, मला कळतं सगळं. मी बोलते ते माझं मलाच परकं वाटतं. पण तिथं गेलं की बरं वाटतं हो. कुणीतरी वाट बघत बसलंय, असं. तिला जाते कसं म्हणू? जीभ वळेल का माझी?"

मग मी तिची तयारी करून घेतली. या इथंच, स्वयंपाकघराच्या दारात. "म्हण, जाते." ती म्हणायची, "जा…" आणि थांबायची. चौथ्या-पाचव्यांदा जमलं तेव्हा दोघंही हसलो, आणि हसता हसता मला रडू आलं. मला दुसरं काही नको होतं, नानासो. माझी बायको मला परत हवी होती.

गेल्या शनिवारी भिलवडीहून निघालो. डिग्रजच्या अलीकडं, साडेतीनला, मोटारी थांबल्या. करंज दिसला. मी वळणावरच थांबलो आणि नदीकडं तोंड करून उभा राहिलो. मागं ज्ञानदाची पावलं वाजत गेली. म्हातारीचा आवाज आला. मग ज्ञानदाचा. एकच शब्द, तोही आखूड. नेमका त्या वेळी ऊस सळसळला आणि मला तो कळला नाही. नंतर पाण्यात काहीतरी वाजलं, धुणं बुडवल्यासारखं. मी मागं बघितलं नाही. मावशीनं सांगितलं होतं ना, बघायचं नाही. कितीतरी वेळ मी तसाच उभा होतो.

एकदम सगळ्या मोटारी सुरू झाल्या. ज्ञानदा माझ्या शेजारी उभी होती, बूट हातात.

"म्हटलंस का?"

"म्हटलं."

सुटलो! तिथंच बसकण मारावीशी वाटली मला. संध्याकाळी उगाचच काठावर माणसं जमली होती, कुणी बॅटऱ्या घेऊन आले होते, मला काहीबाही विचारत होते. मी कुणाकडं लक्ष दिलं नाही. ज्ञानदा माझ्याबरोबर घरी आली. उरलेला तुकडा रविवारी चाललो. शेजारीपाजारी नको नको म्हणत होते, अक्षता तर दार अडवून उभी राहिली. पण एवढं चालून शेवटचं सोडायचं का? हरिपूरला संगमावरच्या दगडावर लाल-पांढरी रेघ ओढली आणि फोटो काढला. ज्ञानदा काय हसलीय त्यात! हा बघा, फोन धरा नीट. स्वानंदीला पाठवला तर पोरगी हमसाहमशी रडायला लागली. म्हणाली, "बाबा, मी निघालेय, तोवर घराबाहेर पडू नका." आईबापांनी एवढी चाल पुरी केली म्हणून रडली असेल.

फोन का परत देताय? दिसली ना ज्ञानदा? दगडाच्या उजव्या बाजूला आहे बघा.

बरं, ऐका. बोलणं तिचं आता अगदी स्वच्छ आहे, पूर्वीसारखं. एकच राहिलंय. आठवडाभर रोज घरातून निघताना मला म्हणते, "जाते हं." मला वाटलं, तयारी करून घेतली म्हणून जिभेला वळण पडलं असेल. आज मात्र मी तिला दारात अडवलं. म्हटलं, "ज्ञानदा, माझ्यासाठी एकदा येते म्हण." तिनं माझ्याकडं बघितलं, किती मायेनं बघितलं म्हणून सांगू. म्हणाली, "अहो, येते तिथं म्हटलंय ना. दोन्हीकडं कसं म्हणू?"

तेव्हापासून हेच घोळतंय डोक्यात. त्या दिवशी मी तिला 'म्हटलंस का' एवढंच विचारलं. काय म्हटलंस, ते विचारलंच नाही.

आणि हेही मला कळत नाहीये. ती भाजी आणायला गेली, तर पिशवी खिळ्यालाच कशी आहे? आठवडाभर लोक येतायत, तुमच्यासारखेच खाली मान घालून बसतायत, पाणीसुद्धा घेत नाहीत. आज शुक्रवार ना? शनिवारपासून मोजलं तर सातवा दिवस. कशाचा मोजतोय मी हे…

थांबा. खालची पाण्याची मोटर बंद पडली का आत्ता? दिवे तर चालू आहेत.

अहो, उठलात का? चहा राहिला. ती येईलच, बसा. नानासो, निघालात तरी असं न बोलता काय निघता? उंबऱ्यात क्षणभर थांबा. एवढं एकदा म्हणा माझ्यासाठी.

नानासो… 'येतो' तरी म्हणा.